शनोन्सोचं दक्षिण दार

फ्रान्स पाहून आलेल्यांच्या फोटोंत नदीवर उभा असलेला एक पांढरा महाल हमखास असतो. खाली कमानी, वर लांबच लांब दालन आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब. हा शनोन्सोचा महाल. सहलीवाले तिथे दीड-दोन तास देतात आणि तेवढ्या वेळात राजा दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी दियान द प्वातिए आणि त्याची राणी कॅथरिन द मेदिची या दोघींचं वैर सांगून गाइड मोकळा होतो. ते वैर खरं आहे आणि रंजकही आहे. पण त्या लांब दालनाच्या टोकाला एक दार आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४२ या काळात, त्या दाराच्या एका बाजूला जर्मन अंमल होता आणि दुसऱ्या बाजूला विशी गावातून चालणाऱ्या फ्रेंच सरकारचा. बहुतेक लोक तिथपर्यंत चालत जातात, एक फोटो काढतात आणि मागे वळतात. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या माणसाने तरी तसं करू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाव अगदी लहान, वस्ती चारशेच्या आत. एक मुख्य रस्ता, त्यावर दोन-चार हॉटेलं, एक चर्च, रेल्वेचं छोटं स्टेशन. तूर शहराच्या पूर्वेला साधारण ३० किलोमीटरवर, शेर नदीच्या उत्तर काठावर हे गाव वसलंय. शेर ही ल्वार नदीची उपनदी. या भागात ती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. महाल नदीवर उत्तर-दक्षिण आडवा पडलेला आहे, म्हणजे उत्तरेचं दार गावाकडे आणि दक्षिणेचं पलीकडच्या फ्रांक्येय गावाच्या रानाकडे. एवढा नकाशा डोक्यात पक्का ठेवला तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

बांधकाम तीन टप्प्यांत झालं. नदीच्या पात्रात आधी एक पाणचक्की होती. तिच्या दगडी खांबांवर तोमा बोइए आणि त्याची बायको कातरिन ब्रिसोने यांनी १५१३ ते १५२१ या काळात चौकोनी महाल उभा केला. बोइए राजाच्या खजिन्याचा अधिकारी, कामानिमित्त बाहेरच असायचा, त्यामुळे बांधकामावर देखरेख बायकोचीच होती. दुसऱ्या टप्प्यात दियान द प्वातिएने वास्तुविशारद फिलिबेर द लोर्मकडून महालापासून दक्षिण काठापर्यंत पूल बांधून घेतला. १५५९ मध्ये राजा दुसरा हेन्री वारला आणि महाल राणी कॅथरिनच्या ताब्यात गेला. तिने त्याच पुलावर दोन मजली दालन चढवलं, हा तिसरा टप्पा. दालनाची लांबी ६० मीटर, रुंदी ६ मीटर, खिडक्या १८. खाली काळ्या पाटीच्या दगडाची आणि पांढऱ्या त्युफोची बुद्धिबळाच्या पटासारखी फरशी आहे. त्युफो म्हणजे इथला मऊ चुनखडी दगड. कापायला सोपा, पण झिजतोही लवकर. म्हणून वाटेच्या मधोमध पांढऱ्या फरश्या खोलगट झालेल्या दिसतात आणि भिंतीलगतच्या जवळपास सपाट आहेत.

थोडं नदीबद्दल. फोटोंत शेर तळ्यासारखी संथ दिसते, ती निसर्गाने तशी नाही. एकोणिसाव्या शतकात मालाच्या होड्यांसाठी तिच्यावर ओळीने बंधारे घातले आणि पाणी अडवलं. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या वाचकांना कोल्हापुरी बंधारा आणि त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, सांगायला नकोत. शेरवरचे बंधारे त्याच जातीचे, फक्त तिथले बरगे आडवे रचत नाहीत, उभे टेकवतात. पोआरे नावाच्या फ्रेंच अभियंत्याची ही पद्धत १८३४ ची आहे. पात्राच्या तळाशी दगडी उंबरठा, त्यावर बिजागरीने बसवलेल्या लोखंडी चौकटी, चौकटींच्या माथ्यावरून माणसाला चालण्यापुरती अरुंद वाट आणि वरच्या अंगाने चौकटींना टेकवून एकाशेजारी एक उभे केलेले लाकडी बरगे. पुराची चाहूल लागली की बरगे एकेक करून हाताने उपसायचे आणि चौकटी तळाशी आडव्या पाडायच्या. यात गोची अशी की पाण्याचा जोर वाढल्यावर बरगा हलत नाही, आणि बरगे अडकून राहिले तर चौकटी पाडता येत नाहीत. म्हणून काम पुराच्या आधीच व्हावं लागतं. बरगे घातलेले असले की दोन बंधाऱ्यांमधली नदी खोल आणि संथ होते. होडी, पूल किंवा पक्कं पोहणं याशिवाय पार होत नाही. काढलेले असले की उन्हाळ्यात जागोजाग उथळ. ज्याला रात्री गुपचूप पलीकडे जायचंय त्याला हा फरक किती मोलाचा, हे वेगळं सांगायला नको.

१९१३ मध्ये महाल मेनिए कुटुंबाने घेतला, चॉकलेटच्या धंद्यातले हे नावाजलेले लोक. पहिलं महायुद्ध सुरू होताच गास्तों मेनिए यांनी दोन्ही मजल्यांची दालनं लष्करी इस्पितळासाठी दिली आणि खर्च स्वतः उचलला. सिमोन मेनिए तिथे मुख्य परिचारिका होत्या. १२० खाटा, शस्त्रक्रियेची खोली, त्या काळात नवलाचं असलेलं क्ष-किरण यंत्र. १९१८ अखेरपर्यंत २,२५४ जखमी सैनिकांवर तिथे उपचार झाले. जागा इस्पितळाला किती सोयीची होती ते आत उभं राहिल्यावर पटतं. एका नजरेत सगळ्या खाटा दिसतील असं सरळसोट दालन, दोन्ही बाजूंना खिडक्या असल्यामुळे आरपार वारा, आणि मुदपाकखाना महालाच्या खांबांच्या पोटात. त्याला पाण्याच्या पातळीवर धक्का आहे, होडीने आलेला शिधा थेट आत घेता येत होता.

आपल्याकडे फ्रान्स आणि पहिलं महायुद्ध म्हटलं की भारतीय सैनिकांचं नव शापेलचं स्मारक आठवतं. बेळगाव मराठा रेजिमेंटचं गाव असल्यामुळे ही विचारणा होतेच. ते स्मारक फ्रान्सच्या उत्तर टोकाला, लील शहराजवळ आहे. तो वेगळा प्रवास आहे, एका दिवसात दोन्ही जमवायला जाऊ नका.

आता मुख्य विषय, ती रेषा.

२२ जून १९४० ला फ्रान्सने जर्मनीशी युद्धबंदीचा करार केला आणि २५ तारखेपासून तो लागू झाला. त्यानुसार देशाचे दोन भाग झाले. उत्तरेचा भाग आणि अटलांटिकचा किनारा जर्मन फौजांकडे, दक्षिणेचा भाग विशीत बसलेल्या मार्शल पेतां यांच्या सरकारकडे. मधली रेषा स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर लांब होती आणि तिने १३ जिल्हे चिरले. विएरझाँपासून ब्लेरेच्या परिसरापर्यंत ही रेषा म्हणजे शेर नदीच. शनोन्सोचा जिल्हा एंद्र-ए-ल्वार. जिल्ह्याचं ठिकाण तूर जर्मनांकडे राहिलं, आणि दक्षिणेचं लोश गाव विशीकडे गेलं. दाखला तूरचा, बाजार लोशचा, अशी गावंच्या गावं लटकली.

नदीवर रेषा आखणं राखणाऱ्याच्या सोयीचं असतं. पूल मोजके, त्यांवर चौकी बसवली की रस्ता बंद. काठावरून पात्र उघडं दिसतं. शेतातून जाणारी रेषा राखायला फळ्या, अडसर, कुत्री आणि फिरती गस्त लागते, नदीला त्यातलं बरंचसं लागत नाही. सुरुवातीला पहारा जर्मन सैनिकांचा होता. १९४१ च्या सुरुवातीपासून तो जर्मन जकात-सीमा रक्षकांकडे गेला, आणि हे लोक कागद तपासण्यात तरबेज होते. दक्षिण काठावर फ्रेंच पोलीस होते.

रीतसर ओलांडायचं तर ‘आउसवाइस’ नावाचा परवाना लागे. त्यासाठी जर्मन कमांडच्या कचेरीत अर्ज करायचा, कारण द्यायचं, पुरावा जोडायचा आणि वाट पाहायची. जवळच्या नातेवाइकाचं मरण किंवा गंभीर आजारपण ही चालणारी कारणं. तरी परवाना हातात येईपर्यंत अंत्यविधी उरकलेला असे. रेषेला लागून राहणाऱ्यांसाठी वेगळा, स्थानिक परवाना होता, कारण घर एका काठावर आणि शेत दुसऱ्या काठावर अशी स्थिती शेकडो कुटुंबांची होती. त्यामुळे रोज ये-जा करणारा शेतकरी, डॉक्टर, पाद्री आणि रेल्वेचा माणूस हेच पुढे माणसं आणि चिठ्ठ्या पार करणारे झाले. फ्रेंचमध्ये त्यांना ‘पासर’ म्हणत. त्यांची भिस्त चार गोष्टींवर होती: गस्तीची वेळ, कुणाचं कुत्रं भुंकतं, पाण्याची पातळी आणि चंद्र. काही पैसे घेत, पुष्कळजण घेत नसत. सापडलेल्या प्रवाशाला काही दिवस-आठवड्यांची कैद होई. पार करणाऱ्याची गाठ मात्र थेट जर्मनीतल्या छावणीशी पडू शके.

घड्याळाची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण रोजच्या जगण्यात तीच जास्त काचली असणार. जर्मनांनी ताब्यातल्या भागात जर्मन वेळ लागू केली. दक्षिणेत ती नव्हती. म्हणजे शेरच्या उत्तर काठावर सकाळचे आठ वाजले तेव्हा दक्षिण काठावर सात. रेल्वेला दोन वेळापत्रकं सांभाळणं अशक्य झालं आणि मे १९४१ मध्ये विशी सरकारने आपली घड्याळंही तासाने पुढे केली.

टपालाची तऱ्हा त्याहून वाईट. सुरुवातीला दोन भागांतली पत्रंच थांबली. मग सप्टेंबर १९४० च्या अखेरीस छापील कार्ड आलं, आणि हे कार्ड नीट पाहण्यासारखं आहे. वर सूचना: फक्त कौटुंबिक मजकुरासाठी, नको ते शब्द खोडा, ओळींच्या बाहेर काही लिहू नका. खाली १३ ओळी. पहिल्या दोन ओळींत रिकाम्या जागा आणि शब्द: ‘प्रकृती चांगली’, ‘थकलेला’. मग ‘किरकोळ आजारी, गंभीर आजारी, जखमी’. मग ‘मारला गेला’, ‘कैदेत’. मग ‘वारले’, ‘यांची खबर नाही’. पुढे ‘कुटुंब ठीक आहे’, ‘शिध्याची गरज’, ‘पैशांची गरज’, कोण कुठे कामाला लागलं, कोण कुठल्या शाळेत जाणार. शेवटी ‘प्रेमपूर्वक आठवण’, ‘मुके’ आणि सही. बाप मेल्याची बातमी याच कार्डावर, एका शब्दासमोर नाव भरून आणि बाकीचे शब्द खोडून द्यायची. नियमात न बसणारं कार्ड पुढे जाणार नाही आणि बहुधा नष्ट केलं जाईल, असं त्याच्यावरच छापलेलं होतं. पुढे नियम सैल झाले, रिकाम्या ओळींची कार्डं आली. जुन्या बाजारांत आणि युद्धाच्या संग्रहालयांत ही कार्डं अजून दिसतात. माझ्या मते कुठल्याही तोफेपेक्षा ते तपकिरी कार्ड त्या रेषेबद्दल जास्त सांगतं.

आपली महाराष्ट्र-कर्नाटक सीमा लष्करी रेषा नाही आणि दोन्ही गोष्टी एका तागडीत घालणं चूक ठरेल. पण पलीकडच्या शेताचा सातबारा आणि अलीकडच्या शेताची पहाणी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) एकाच घरात सांभाळणाऱ्याला, ताण वाढला की कोगनोळीवरून किंवा शिनोळीवरून परत फिरणाऱ्या बस पाहिलेल्याला, २०२१ मध्ये आरटीपीसीआरच्या कागदासाठी दूधगंगेच्या पुलाजवळ अडवलेल्या गाड्यांची रांग ठाऊक असलेल्याला या तपशिलांचा अर्थ पटकन कळतो. कोणत्या कागदावर कुणाची सही लागते, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

दक्षिणेच्या भागाला ‘मोकळा भाग’ म्हणत, त्या नावाला भुलू नये. विशी सरकारने ३ ऑक्टोबर १९४० लाच ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून आणि अनेक व्यवसायांतून काढणारा कायदा केला. २६ ऑगस्ट १९४२ ला त्याच ‘मोकळ्या’ भागात फ्रेंच पोलिसांनी परदेशी ज्यूंची धरपकड करून त्यांना जर्मनांच्या हवाली केलं. म्हणजे नदी पार झालेल्याला मिळायचा तो थोडा वेळ. युद्धकैदेतून निसटलेले सैनिक, ज्यू कुटुंबं, पाडलेल्या विमानांतले वैमानिक आणि प्रतिकार चळवळीतले लोक तेवढ्यासाठीही जीव धोक्यात घालत होते. ११ नोव्हेंबर १९४२ ला जर्मन फौजा दक्षिणेतही घुसल्या आणि १ मार्च १९४३ ला ती रेषा रद्द झाली.

या १,२०० किलोमीटरांत शनोन्सोचं स्थान वेगळं आहे. इथे छप्पर असलेला, भिंती असलेला, खासगी मालकीचा पूल नदीवर होता. प्रवेश जर्मन भागातून, शेवट विशीच्या भागात. मेनिए कुटुंबाच्या मदतीने प्रतिकार चळवळीने या दालनातून माणसं पार केली, असं महालाच्या इतिहासात अभिमानाने सांगितलं जातं. जर्मनांनी गरज पडल्यास महाल उडवण्यासाठी जवळच तोफखाना सज्ज ठेवला होता, हेही त्यातच येतं. किती जण गेले याचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला तर विश्वास ठेवू नका. असं काम करणारे लोक हजेरीपट ठेवत नाहीत.

दार पाहताना हे लक्षात ठेवा. दालनाच्या दोन्ही टोकांना भव्य शेकोट्यांची नक्षी दिसते. त्यातली दक्षिणेकडची शेकोटी नाहीच, ती दाराभोवतीची निव्वळ सजावट आहे. जवळ जाऊन पाहा: जिथे आग पेटायची जागा असावी, तिथे लाकडी दाराची फळी आहे. मग वळून उत्तरेकडे पाहा. तेवढ्या ६० मीटरांत लपायला एक खांब नाही, आणि दोन्ही अंगांना खिडक्या, ज्यांतून काठ दिसतो आणि काठावरून खिडकीतली हालचाल दिसते. रात्री इथून दिवा घेऊन चालता येणार नाही, हे कुणी न सांगता समजतं. हंगामात दक्षिण दार उघडं असतं. असेल तर बाहेर पडा, काठाने थोडं चाला आणि महाल पलीकडून पाहा.

पाहण्याचा क्रम असा ठेवा. आधी अंगणातला मार्क बुरूज, बोइएच्या आधीच्या किल्ल्याचा उरलेला एकमेव भाग. मग आत शिरल्याबरोबर डाव्या अंगाचं प्रार्थनागृह. त्याच्या रंगीत काचा जुन्या नाहीत. मूळच्या काचा १९४४ च्या बाँबफेकीत फुटल्या, आताच्या माक्स अँग्राँ यांनी १९५४ मध्ये केल्या. युद्धाची ही उघड खूण, पण लोक ती सोळाव्या शतकाची समजून पुढे जातात. मग खालचा मुदपाकखाना, मग दालन. राण्यांची शयनगृहं शेवटी. सकाळी पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन येतं आणि फरशीवर पट्टे पडतात, दुपारनंतर पश्चिमेच्या. उन्हाळ्यात अकरानंतर दालनात खांद्याला खांदा लागतो, म्हणून उघडताच आत जा. आवारात एका ठिकाणी पहिल्या महायुद्धातल्या इस्पितळाचा देखावा मांडलेला आहे, तोही सोडू नका.

पोचायचं कसं? पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून वेगवान गाडीने सें-पिएर-दे-कोर, साधारण एक तास. तिथून किंवा तूरहून स्थानिक गाडीने शनोन्सो, अर्धा तास. स्टेशन महालाच्या फाटकाला लागूनच आहे. चुका नेहमी दोन ठिकाणी होतात. महालाच्या फ्रेंच नावाच्या शेवटी ‘एक्स’ हे अक्षर नाही, गावाच्या आणि स्टेशनच्या नावात आहे. तिकीट शोधताना ते घातलं नाही की स्टेशन सापडत नाही आणि लोक आंब्वाझचं तिकीट काढून बसतात. तिथून शनोन्सो बाराएक किलोमीटर लांब पडतं. दुसरी चूक परतीची. या मार्गावर दिवसाला मोजक्या गाड्या आहेत, त्यामुळे जायच्या आधी परतीची गाडी ठरवा.

व्हिसाचे अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतात, किमान १५ दिवस आधी तरी करावे लागतात. पासपोर्ट परतीनंतर किमान ३ महिने चालणारा, १० वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. सीमाभागात नेहमीची अडचण नावांची. शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षरं आणि आडनाव, बँकेत पूर्ण नाव, पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी. हे अर्जाच्या आधी जुळवून घ्या. उत्पन्नासाठी जमिनीचे कागद जोडायचे तर कन्नड किंवा मराठी उतारा तसाच देऊ नका, इंग्रजी भाषांतर जोडा.

हातात आणखी एक दिवस असेल तर तूरच्या दक्षिणेला मायेला जा. २५ ऑगस्ट १९४४ ला, पॅरिस मुक्त झालं त्याच दिवशी, जर्मन सैनिकांनी या खेड्यातल्या १२४ लोकांना मारलं, त्यात लहान मुलं पुष्कळ. तिथे स्मृतिगृह आहे. तूर-प्वातिए रेल्वेमार्गावरच हे गाव येतं, मात्र गाड्या तिथेही कमी, म्हणून शनोन्सो आणि माये एकाच दिवसात बसवू नका.